जुन्या टर्बो पेट्रोल गाडीत हवा-इंधन गुणोत्तराचे गेज बसवणे: ऑक्टाव्हिया आरएस (२००४) आणि ई२०

घाटमाथा (पुणे)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. १.८ लिटरचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती आणि पाच गिअर, म्हणजे आपल्याकडे जी विकली गेली तीच. इंजिन मूळचेच आहे आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा, प्रोग्रामही बदललेला नाही. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी झालेली आहे आणि पुढची बरीच वर्षे ही गाडी चालवायचा माझा विचार आहे.

या गाडीचा आराखडा झाला तेव्हा पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल (ई२०) असेल असे कोणी धरले नव्हते. आता पंपावर दुसरे काही सहज मिळत नाही. त्यातून गाडीचे रबरी होज, एअरफ्लो मीटर, पेट्रोल पंप हे सगळेच वीस वर्षांचे झाले आहे. टर्बो इंजिनात पूर्ण बूस्टवर (टर्बोने हवेचा दाब वाढवलेला असताना) मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, झाले तर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही, आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा तोवर लागेलच याची खात्री नसते. म्हणून हवा-इंधन गुणोत्तर दाखवणारे वाइडबँड गेज बसवायचे ठरवले आहे.

अनुभवी मंडळींकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सेन्सर नेमका कुठे बसवावा, कारण या गाडीत टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग) यांच्यामध्ये जागा फारच कमी दिसते. विजेचे कनेक्शन कुठून घ्यावे. आणि ई२० वर गेज कोणता आकडा दाखवेल व तो कसा वाचावा. गॅरेजमध्ये विचारले तर दर वेळी वेगळे उत्तर मिळते.

इंजिनकक्ष (पिंपरी-चिंचवड)

घाटमाथा, विचार योग्य आहे. गेज निवडण्याआधी एक काम करा. गाडीच्या खाली जाऊन कॅटच्या आधीच्या मूळ ऑक्सिजन सेन्सरचा प्लग पाहा. या १.८ टर्बो इंजिनाच्या कुटुंबात दोन्ही प्रकार आढळतात. चार तारा असतील तर तो नॅरोबँड आहे. प्लगमध्ये सहा टोके असतील तर तो वाइडबँड आहे, आणि मग व्हीसीडीएस स्कॅनरच्या ०३१ क्रमांकाच्या गटात तुम्हाला प्रत्यक्ष लॅम्बडा (खरे हवा-इंधन गुणोत्तर भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारे गुणोत्तर) आणि ईसीयूला अपेक्षित असलेला लॅम्बडा हे दोन्ही आकडे वेगळा खर्च न करता वाचता येतील.

नॅरोबँड असेल तर त्याच तारेला जोडायचे स्वस्त दिव्यांचे गेज चुकूनही घेऊ नका. नॅरोबँड सेन्सर साधारण शून्य ते एक व्होल्ट देतो, पण मिश्रण अचूक प्रमाणाच्या, म्हणजे लॅम्बडा १ च्या, जरा इकडे-तिकडे गेले की त्याचा व्होल्टेज ०.४५ वरून एकदम वर किंवा खाली उडी मारतो. त्या उडीच्या पलीकडे त्याला फारसे काही सांगता येत नाही. बूस्टवर १२ आणि १३ यांत फरक करता आला नाही, तर ज्या कामासाठी गेज लावायचे ते कामच होत नाही. शिवाय सेन्सर गरम असताना आणि थंड असताना त्याचा रिच (इंधन जास्त) बाजूचा व्होल्टेज वेगवेगळा येतो. ते नाचणारे रंगीत दिवे पाहून पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण ठीक आहे असे मानणे धोक्याचे आहे.

वाइडबँड सेन्सरमध्ये नॅरोबँडसारख्या घटाला एक पंप घट जोडलेला असतो. कंट्रोलर या पंप घटातून प्रवाह सोडून मोजणीच्या अरुंद पोकळीतला ऑक्सिजन आत-बाहेर करतो आणि तिथले मिश्रण सतत लॅम्बडा १ वर धरून ठेवतो. त्यासाठी किती प्रवाह लागला यावरून एक्झॉस्टमधले खरे गुणोत्तर कळते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गेजमध्ये बॉशचा एलएसयू ४.२ किंवा एलएसयू ४.९ सेन्सर असतो. नवे घेणार असाल तर ४.९ वाला संच घ्या. ४.२ ला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि ती त्याच्या तारांच्या आतून, प्लगच्या बाजूने येते. तो प्लग चिखलाने किंवा ग्रीसने बुजला की आकडे सरकू लागतात. ४.९ ही तुलनेची हवा स्वतःच तयार करतो, म्हणून आपल्या पावसाळ्यात तो जास्त भरवशाचा आहे.

गोदाकाठ (नाशिक)

एका मुद्द्याची भर घालतो. गेजबरोबर आलेल्या सेन्सरची तार कापून लांब किंवा आखूड करू नका. बॉशच्या या सेन्सरच्या प्लगमध्ये त्या-त्या सेन्सरशी जुळवलेला एक रोधक बसवलेला असतो. प्लग बदलला की ती जुळणी गेली. तार कमी पडत असेल तर कंट्रोलरच्या बाजूची मूळ एक्स्टेन्शन केबल मागवावी.

गेज घेताना त्यातून ०-५ व्होल्टचा आउटपुट किंवा सिरियल आउटपुट निघतो ना, हेही पाहून घ्या. पूर्ण थ्रॉटल दिलेला असताना चालकाने गेजकडे पाहू नये. रस्त्याकडे पाहावे आणि आकडे लॅपटॉपवर साठवून थांबल्यावर वाचावेत. साठवलेल्या आकड्यांशिवाय नुसत्या नजरेने काढलेला निष्कर्ष मी तरी धरत नाही.

घाटमाथा (पुणे)

इंजिनकक्ष, गाडी वर उचलून पाहिली. पुढचा सेन्सर चार तारांचा आहे. म्हणजे वेगळा वाइडबँड लागणारच. तुमच्या आणि गोदाकाठ यांच्या सूचनेप्रमाणे ४.९ सेन्सरचा आणि ०-५ व्होल्ट आउटपुटचा संच निवडला आहे. आता जागेचा प्रश्न. टर्बो इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला आहे. तिथून डाउनपाइप खाली वळते आणि लगेच कॅट सुरू होतो. संचाच्या माहितीपत्रकात मात्र सेन्सर टर्बोपासून बराच लांब बसवायला सांगितले आहे. मूळ सेन्सर काढून त्याच जागी वाइडबँड बसवावा, आणि कंट्रोलरमधून निघणारा नॅरोबँडसारखा नकली सिग्नल ईसीयूला द्यावा, असे एका मित्राने सुचवले. हे करावे का?

इंजिनकक्ष (पिंपरी-चिंचवड)

नाही, तसे करू नका. नकली सिग्नल मिळतो हे खरे, पण ईसीयू मूळ सेन्सरच्या हीटरचे सर्किटही तपासत असतो. तो हीटर सापडला नाही की दोषाचा कोड येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तुमचा कंट्रोलर बिघडला तर ईसीयू त्याच बिघडलेल्या आकड्यावर इंधन ठरवेल आणि तुम्हाला गेजवरही तोच खोटा आकडा दिसेल. आपल्याला ईसीयूपासून स्वतंत्र असा साक्षीदार हवा आहे. ईसीयूचा सेन्सर आहे तिथे आणि आहे तसा राहू द्या.

कॅटच्या मागच्या सेन्सरची जागाही वापरू नका. कॅट उरलेला ऑक्सिजन आणि न जळलेले इंधन यांची आपसात प्रक्रिया घडवतो, शिवाय स्वतःजवळ ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो. त्यामुळे मागे पोहोचणारा वायू इंजिनातून निघालेल्या वायूसारखा राहत नाही, आणि बदलही उशिरा कळतात.

आता अंतराविषयी. सेन्सर लांब बसवायला सांगतात त्याचे मुख्य कारण उष्णता आहे. टर्बोनंतर साधारण ६० सेंटिमीटर हे अंतर बरेच उत्पादक सुचवतात. एलएसयू ४.९ च्या टोकाला वायूचे तापमान सुमारे ९३० अंश सेल्सियसपर्यंत सतत चालते, पण पाना लावायच्या षट्कोनी भागाचे तापमान सुमारे ६०० अंशांच्या आत राहायला हवे. पूर्ण बूस्टवर टर्बोच्या अगदी तोंडाशी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डवर तर हा सेन्सर बसवूच नये. तिथे उष्णता जास्त असतेच, शिवाय टर्बोमुळे पाठीमागे दाब साचतो आणि दाब वाढला की सेन्सरचे वाचन सरकते.

मूळ कॅट असलेल्या तुमच्या गाडीत ६० सेंटिमीटर मिळणार नाहीत, म्हणून तडजोड करावी लागेल. डाउनपाइप काढून तिच्या खालच्या टोकाशी, कॅटच्या कोनाच्या अगदी वर, जितके खाली जाता येईल तितके खाली जा. तिथे सेन्सरसाठी आट्यांचा जो नट वेल्ड करतात, ज्याला सगळे बंग म्हणतात, तो थोडा उंच निवडा, म्हणजे सेन्सरचा षट्कोनी भाग पाइपच्या भिंतीपासून दूर राहील. उष्णता घालवणारे पंखे असलेले बंगही मिळतात. सेन्सरचे टोक मात्र प्रवाहात पोहोचले पाहिजे. ते बंगच्या आतच राहिले तर प्रतिसाद मंदावतो.

कोन महत्त्वाचा आहे. पाइप आडवी असेल तिथे सेन्सर घड्याळातल्या १० आणि २ यांच्या दरम्यान, म्हणजे टोक खाली आणि तार वर, असा बसवावा. इंजिन थंड असताना एक्झॉस्टमध्ये पाणी साचते. सेन्सर आडवा किंवा उलटा असेल तर ते पाणी त्याच्या टोकावर बसते, आणि शेकडो अंशांना तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला की त्याला तडा जातो. उभ्या पाइपवर सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर झुकलेला असावा.

वेल्डिंग डाउनपाइप गाडीतून काढूनच आर्गॉनवर करून घ्या. पाइपच्या धातूशी जुळणारा बंग वापरा. वेल्ड करताना बंगमध्ये एक जुना सेन्सर किंवा त्याच आट्यांचा बोल्ट घट्ट बसवून ठेवायला सांगा, नाहीतर उष्णतेने आटे वाकडे होतात. आटे एम १८ × १.५ मापाचे असतात. नवा सेन्सर वेल्डिंग पूर्ण थंड झाल्यावरच लावा. तापमान सोसणारे अँटीसीझ फक्त आट्यांना लावा, टोकाच्या जाळीला एक थेंबही लागू देऊ नका. टॉर्क रेंच असेल तर ४० ते ६० न्यूटन-मीटर.

वायरमन (कोल्हापूर)

गेली अनेक वर्षे गाड्यांचे वायरिंग हेच माझे काम आहे, म्हणून त्या भागाचे मी सांगतो.

या गेजमध्ये वीज मुख्यतः सेन्सरच्या हीटरला लागते. म्हणून रेडिओच्या किंवा सिगारेट लायटरच्या तारेला जोड मारू नये. बॅटरीपासून स्वतंत्र तार काढावी, बॅटरीच्या जवळच फ्यूज लावावा (माहितीपत्रकात ५ किंवा १० अँपिअर, जो दिला असेल तोच) आणि मध्ये एक रिले घालावा. हा रिले कशाने चालू करायचा, यात खरी काळजी घ्यायची असते. किल्ली फिरवताच हीटर चालू झाला आणि मालक दहा मिनिटे इंजिन सुरू न करता गाडीत बसून राहिला, तर पुढे इंजिन सुरू झाल्यावर साचलेले पाणी थेट तापलेल्या सेन्सरवर जाते. म्हणून रिलेचा ट्रिगर पेट्रोल पंपाच्या रिलेच्या आउटपुटवरून घ्यावा. या गाड्यांत किल्ली फिरवल्यावर पंप काही क्षणच चालतो आणि नंतर इंजिन फिरत असेल तरच चालू राहतो. म्हणजे आपला हीटरही इंजिनाबरोबरच चालू आणि बंद होतो. पंपाच्या तारेवरून फक्त रिलेच्या कॉइलपुरता प्रवाह घ्यायचा, गेजचा भार तिच्यावर टाकायचा नाही. जुन्या पंपाला तसाही व्होल्टेज कमी पडत असतो.

अर्थ (अर्थिंगची तार) हा दुसरा मुद्दा. अर्थ रंगावर किंवा कोणत्याही बोल्टवर घेऊ नये. ईसीयूची अर्थ जिथे बॉडीला येते, त्याच ठिकाणी गेजची अर्थ न्यावी. हेडलाइटच्या किंवा पंख्याच्या अर्थबरोबर ती आली, तर पंखा चालू होताच ०-५ व्होल्टच्या आउटपुटमध्ये फरक पडतो. गेजच्या काचेवर एक आकडा आणि लॅपटॉपवर दुसरा, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांत मला दोष अर्थमध्येच सापडला आहे.

सेन्सरची केबल टर्बोच्या बाजूने वर नेऊ नका. खाली, गाडीच्या मधल्या उंचवट्याजवळच्या फरशीत रबरी ग्रोमेट असेल तर तिथून आत घ्या. उष्णता सोसणारे काचतंतूंचे स्लीव्ह चढवा. केबल एक्झॉस्टला, ड्राइव्हशाफ्टला आणि स्टिअरिंगच्या दांड्याला कुठेही टेकणार नाही, हे चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासा. नव्याने भोक पाडावे लागले तर कडेला रंग लावून ग्रोमेट बसवल्याशिवाय तार ओढू नका.

घाटमाथा (पुणे)

वायरमनकाका, मनापासून आभार. पंपाच्या रिलेची युक्ती कोणत्याच माहितीपत्रकात सापडली नव्हती. गेजसाठी जागा कोणती चांगली? उजव्या खांबावर लावायचे मनात आहे.

वायरमन (कोल्हापूर)

खांबावर नको. आपल्या गाडीत चालक उजवीकडे बसतो, आणि वळताना त्याच खांबाआड माणूस किंवा दुचाकी लपते. त्यात आणखी भर कशाला घालायची? एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या उघडण्याच्या मार्गातही काही लावू नये. स्टिअरिंगच्या मागे, मूळ मीटरच्या बाजूला लहान कप मिळतो, तो बरा. लाइटची तार जोडायला विसरू नका, नाहीतर रात्री आकडा डोळ्यांवर येतो.

कोकणसडा (रत्नागिरी)

मध्येच विचारतो. माझ्याकडे जुनी डिझेल टर्बो एसयूव्ही आहे. तिच्यात असे गेज लावून उपयोग होईल का?

इंजिनकक्ष (पिंपरी-चिंचवड)

फारसा होणार नाही. डिझेल इंजिनात हवा मोकळी येते आणि ताकद फक्त इंधन कमी-जास्त करून ठरते, म्हणून ते नेहमी लीनच चालते आणि आयडलवर तर फारच लीन. पेट्रोल इंजिनात लीन झाल्याने धोका, तर डिझेलमध्ये इंधन जास्त झाल्याने एक्झॉस्टचे तापमान वाढते. तुमच्यासाठी एक्झॉस्टचे तापमान मोजणारे गेज जास्त कामाचे. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

मिशिगनकर (डेट्रॉइटजवळ, अमेरिका)

इथे हेच १.८ टर्बो इंजिन फोक्सवॅगन जेटा, पसाट आणि आउडी ए४ मधून भरपूर विकले गेले. माझी जेटा त्याच पिढीची आहे. इथल्या पंपांवर साधारणपणे १० टक्के इथेनॉल असते, म्हणून घाटमाथा यांचा तिसरा प्रश्न मलाही पडला होता.

उत्तराची गुरुकिल्ली ही आहे की सेन्सर गुणोत्तर मोजत नाही, लॅम्बडा मोजतो. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन उरला आहे की इंधन उरले आहे, आणि किती, एवढेच त्याला कळते. इंधन कोणते जळले हे त्याला माहीत नसते. गेज त्या लॅम्बडाला १४.७ ने गुणते आणि काचेवर दाखवते, कारण इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. शुद्ध इथेनॉलला ९ पट पुरते, कारण त्याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. १० टक्के मिश्रणाला सुमारे १४.१ आणि २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ लागते.

म्हणून ई२० भरल्यावर समतोल असताना खरे गुणोत्तर १३.५ असेल, पण गेज १४.७ च दाखवेल, आणि ते तसेच दाखवणे बरोबर आहे. बूस्टवर गेजने ११.८ दाखवले तर त्याचा अर्थ लॅम्बडा ०.८०, मग टाकीत काहीही असो. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा कोणी कागदावर ई२० चे १३.५ वाचतो आणि गेजवर १३.५ दिसावे म्हणून इंधन वाढवत बसतो. माझा सल्ला असा की गेजच्या सेटिंगमध्ये जाऊन ते लॅम्बडावरच ठेवा. मग इंधन बदलले तरी डोक्यात गणित करावे लागत नाही.

जाता जाता, हा सेन्सर आपल्या चर्चेतल्या गाड्यांपेक्षा बराच जुना आहे. बॉशचा लॅम्बडा सेन्सर पहिल्यांदा १९७६ मध्ये व्होल्वोच्या कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत आला. तिथले धुराचे नियम इतके कडक झाले होते की मिश्रण मोजल्याशिवाय कॅटकडून नीट काम करून घेणे शक्य नव्हते.

गोदाकाठ (नाशिक)

मिशिगनकर यांनी नेमके सांगितले. त्याला जोडून एक प्रश्न उरतो. समतोल राखायला ई२० मध्ये साधारण ७ ते ९ टक्के इंधन जास्त लागते. जुना ईसीयू ते देतो का?

इंजिनकक्ष (पिंपरी-चिंचवड)

संथ चालवताना देतो. तेव्हा ईसीयू मूळ नॅरोबँड सेन्सरचे ऐकून इंधन सतत दुरुस्त करत असतो आणि ती दुरुस्ती लक्षातही ठेवतो. व्हीसीडीएसच्या ०३२ गटात हे दिसते. पहिला आकडा आयडलचा, दुसरा मधल्या भाराचा. ई२० भरून काही टाक्या झाल्या असतील तर दुसरा आकडा अधिक बाजूला गेलेला असणे स्वाभाविक आहे.

पूर्ण थ्रॉटलवर गोष्ट वेगळी. तिथे नॅरोबँड सेन्सर निरुपयोगी ठरतो आणि ईसीयू एअरफ्लो मीटरने मोजलेली हवा, साठवलेला नकाशा आणि आधी शिकलेली दुरुस्ती यांच्या आधारे इंधन देतो. शिकलेली दुरुस्ती बूस्टवरही पुरेशी आहे की नाही, हे गाडीतला कोणताच मूळ सेन्सर सांगत नाही. आपल्या गेजची खरी गरज इथे आहे.

म्हणून ०३२ चे आकडे आणि बूस्टवरचा लॅम्बडा हे दोन्ही एकत्र वाचा. इथेनॉलमुळे नॉकिंगला (मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याला) प्रतिकार वाढतो हे खरे, पण ते लीन मिश्रणावरचे औषध नव्हे. ०२० गटात नॉकिंग टाळण्यासाठी ईसीयूने प्रत्येक सिलिंडरचे इग्निशन किती अंश मागे घेतले, म्हणजे उशिरा केले, ते दिसते. तेही त्याच वेळी नोंदवा.

घाटमाथा (पुणे)

गेज बसले. बंग कॅटच्या कोनाच्या जरा वर, तिरका बसवला आहे आणि वायरिंग वायरमनकाकांच्या सांगण्याप्रमाणे केले आहे. टाकीत ई२० आहे.

आयडलला लॅम्बडा ०.९९ ते १.०१ मध्ये हलतो. एका संथ वेगावर १ च्या आसपास स्थिर आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की आकडा लीनच्या टोकाला जातो. तो इंधन बंद झाल्याचा परिणाम असावा असे समजतो. ०३२ मध्ये आयडलचा आकडा जवळपास शून्य आणि दुसरा अधिक ९ आहे.

मोकळ्या चढावर, बाजूला मित्राला लॅपटॉप देऊन, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर नोंद घेतली. ३००० फेऱ्यांना लॅम्बडा ०.८५ आहे. ४००० ला ०.८७. ५००० च्या पुढे ०.९१ पर्यंत चढतो, म्हणजे गेजच्या पेट्रोल मापात १३.४. ०२० मध्ये तिसऱ्या सिलिंडरचे इग्निशन ६ अंशांपर्यंत मागे गेलेले दिसते. हे पाहून पुन्हा पूर्ण थ्रॉटल दिलेला नाही. आता काय तपासावे?

इंजिनकक्ष (पिंपरी-चिंचवड)

थ्रॉटल न देण्याचा निर्णय उत्तम. टर्बो इंजिनात फेऱ्या वाढताना मिश्रण अधिक रिच व्हायला हवे. तुमचे उलट दिशेने चालले आहे. दोष सापडेपर्यंत बूस्टपासून दूर राहा.

आधी वाचन खरे आहे ना, ते पाहू. मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या जोडावर, किंवा नव्या वेल्डवर, एक्झॉस्ट गळत असेल तर दोन स्पंदनांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज खोटे लीन दाखवते. पण हा परिणाम आयडलला सर्वाधिक असतो आणि भार वाढला की कमी होतो. तुमच्याकडे आयडल ठीक आणि भार बिघडलेला आहे, म्हणून गळतीचा संशय मी कमी धरतो. दुसरी शक्यता स्पार्कची. एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटलेच नाही, तर त्याचा सगळा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि इंधन भरपूर असूनही गेज लीन म्हणते. या इंजिनाच्या इग्निशन कॉइल वयानुसार बिघडतात हे सर्वांना माहीत आहे. पण तेव्हा गाडी झटके देते आणि मिसफायरची नोंद होते. तुम्हाला तसे काही जाणवले नाही, असे गृहीत धरतो.

इनटेकच्या गळतीची सहीही वेगळी असते. एअरफ्लो मीटरच्या पुढे होज फाटला असेल, तर बूस्टवर मोजून झालेली हवा बाहेर निघून जाते आणि इंधन मात्र त्या हवेच्या हिशेबाने पडते, म्हणजे बूस्टवर रिच. तोच फाटका होज आयडलला न मोजलेली हवा आत घेतो, म्हणजे आयडलला लीन. तुमचे चित्र याच्या बरोबर उलटे आहे.

उरतात दोन गोष्टी. एअरफ्लो मीटर हवा कमी मोजतो आहे, किंवा पेट्रोल कमी पोहोचते आहे. यातला निवाडा ००३ गट करतो. पूर्ण थ्रॉटलवर सेकंदाला किती ग्रॅम हवा मोजली जाते, ते तिथे दिसते. ढोबळ हिशेब असा की अश्वशक्तीला ०.८ ने गुणावे, म्हणजे १५० अश्वशक्तीला सुमारे १२० ग्रॅम. आकडा ९०-९५ वर अडकत असेल तर मीटर म्हातारा झाला आहे. ११५-१२० मिळत असतील तर मीटर निर्दोष आणि दोष पेट्रोलच्या पुरवठ्यात. तुम्ही आधीच घेतलेल्या नोंदीत हा गट असेल तर पुन्हा थ्रॉटल देण्याची गरज पडणार नाही.

घाटमाथा (पुणे)

००३ गट त्याच नोंदीत आहे. सर्वांत मोठा आकडा ११७ ग्रॅम. मिसफायरची नोंद एकही नाही.

गोदाकाठ (नाशिक)

म्हणजे हवा बरोबर मोजली जाते आहे आणि तेवढे पेट्रोल येत नाही. मधल्या भारावरचे अधिक ९ पूर्णपणे इथेनॉलमुळे असू शकते, पण वरच्या फेऱ्यांना पंप मागे पडतो आहे असे दिसते. ई२० मुळे दर मिनिटाला लागणारे इंधन वाढले. जो पंप साध्या पेट्रोलवर जेमतेम पुरत होता, तो आता पुरत नाही. जुन्या टाकीतला गाळ इथेनॉलमुळे सुटून फिल्टरमध्ये येतो, हेही लक्षात घ्या.

इंजिनकक्ष (पिंपरी-चिंचवड)

सहमत आहे. पण अंदाजाने पंप बदलू नका, दाब मोजा. या इंजिनात पेट्रोलचा दाब ठरवणारा रेग्युलेटर इंजेक्टरच्या रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) असतो आणि त्याची व्हॅक्यूमची नळी मॅनिफोल्डला जोडलेली असते. गॅरेजमध्ये दाबाचे मीटर रेलला लावा आणि आयडलवर ती नळी काढून पाहा. मूळ रेग्युलेटर ३ बारचा असेल तर ३ बार दिसले पाहिजेत. बूस्टवर मात्र रेग्युलेटर मॅनिफोल्डच्या दाबाइतकीच भर घालतो. ०.६ बार बूस्ट असताना रेलमध्ये ३.६ बार हवेत. आयडलला ३ बार मिळाले आणि भारावर दाब ३.६ ऐवजी ३ च्या खाली घसरला, तर दोष पक्का. ही भारावरची तपासणी रस्त्यावर नको. चेसिस डायनो (गाडी जागेवरच रोलरवर चालवून मोजणारे यंत्र) असलेल्या ठिकाणी करा, आणि लॅम्बडा ०.८८ ओलांडताच थ्रॉटल सोडायला सांगा.

क्रम असा ठेवा. आधी फिल्टर, कारण तो स्वस्त आहे आणि वयानुसार बदलायचाच असतो. मग इंजिन चालू असताना पंपाच्या प्लगपाशी व्होल्टेज. बॅटरीवर १३.८ असताना पंपापाशी १२ च्या खाली येत असेल, तर वायरमनकाका म्हणाले तसे तारेत किंवा अर्थमध्ये नुकसान होते आहे. हे दोन्ही ठीक असेल तरच पंप. नवा घेताना ई२० ला चालणारा आहे ना, हे विचारून घ्या, आणि त्याच वेळी टाकीपासून रेलपर्यंतचे सगळे रबरी होजही इथेनॉल सोसणारे घाला.

वायरमन (कोल्हापूर)

व्होल्टेज मोजताना प्लग काढून मोजू नका. प्लग जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने सुई लावा. भार नसताना गंजलेली तारही पूर्ण व्होल्टेज दाखवते. आणि अर्थच्या बाजूचेही मोजा: बॅटरीचे ऋण टोक आणि पंपाची अर्थ यांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर आधी ती अर्थ घासून पुन्हा घट्ट करा.

घाटमाथा (पुणे)

फिल्टर बदलला. जुना उलटा केला तेव्हा तपकिरी गाळ निघाला. पंपापाशी व्होल्टेज ११.४ होते. अर्थचा जोड गंजला होता, तो साफ केल्यावर १३.१ झाले. दाबाची तपासणी डायनोवर करून घेतली: ३.५ ते ३.६ बार, शेवटपर्यंत स्थिर. लॅम्बडा ३००० फेऱ्यांना ०.८४ आणि ५५०० ला ०.८०. इग्निशन जास्तीत जास्त २ अंश मागे जाते. पंप मूळचाच ठेवला आहे. होजचा संच मागवला आहे.

इंजिनकक्ष (पिंपरी-चिंचवड)

आकडे चोख आहेत. आता ०३२ मधली जुनी दुरुस्ती पुसून टाका आणि ईसीयूला नव्याने शिकू द्या. दुसरा आकडा कुठे स्थिरावतो, तो काही टाक्यांनंतर इथे लिहा. होज बदलताना टाकीचे झाकण उघडेलच, तेव्हा पंपाच्या तळाची जाळीही पाहून घ्या. फिल्टरमध्ये एवढा गाळ आला असेल तर थोडा तिथेही असणार.